पटावर अडतीस

सत्यशीला मनवर मॅडमचं पित्ताशय काढलं तेव्हा त्यातून अकरा खडे निघाले. डॉक्टरांच्या कागदावर मात्र बारा लिहिलेले होते. मॅडमनी खड्यांची बाटली खिडकीतल्या उन्हात धरली, दोनदा मोजले, आणि नर्सला बोलावून बाराच्या जागी अकरा करायला लावले. त्यावर डॉक्टरांची सही घेतली आणि मगच यवतमाळ सोडलं. बाई तशाच होत्या.

नेरपासून आठ-नऊ किलोमीटरवर, अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक लहानसं कला-वाणिज्य कॉलेज आहे. सात खोल्या, एक ऑफिस, पुढं निंबाचं झाड आणि मागं थेट भिंतीला टेकलेलं सोयाबीन. तिथं त्या बावीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. प्रत्येक शिक्षकाला एक दैनंदिनी ठेवावी लागे. तारीख, तास, शिकवलेला घटक, उपस्थिती, सही, असे पाच रकाने. ही वही रोज भरायची असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी भरत नसे. तपासणी समिती यायची झाली की आदल्या आठवड्यात सगळा स्टाफ चहा मागवून बसायचा आणि वर्षभराचं अध्यापन तीन दिवसांत उरकून टाकायचा. घाईघाईत एकाचे तर चार रविवारीही तास झालेले होते, तेही शंभर टक्के उपस्थितीत.

मनवर मॅडम मात्र तास संपला की हाताचा खडू झटकायच्या आधी, उभ्या उभ्या नोंद करत. ज्या दिवशी तास झाला नाही त्या दिवशी लिहीत, 'तास झाला नाही.' पुढं सही. बावीस वर्षांत त्या वहीवर खोटं एक अक्षर चढलं नव्हतं.

चोवीस दिवसांची रजा संपवून त्या आल्या तेव्हा कपाटात ती वही नव्हती. तिच्या जागी छापलेल्या, पिन मारलेल्या कागदांचा जाड गठ्ठा होता. वर त्यांचं नाव. मॅडमनी पहिली चार पानं उभ्यानं वाचली आणि टाके सांभाळत, पोटावर हात धरून, तडक प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

"ढाकुलकर सर, हे काय हाये?"

डॉ. ढाकुलकर नुकतेच अमरावतीला दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. अध्यापकांसाठी उपयुक्त कृत्रिम बुद्धिमत्ता, असा त्याचा विषय होता. तिथून त्यांनी वर्षभराची वर्गणी भरून एक सॉफ्टवेअर आणलं होतं. त्याचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून कॉलेजात सगळे त्याला 'मदतनीस' म्हणत.

"तुमचीच दैनंदिनी, मॅडम. आता हातानं लिहायची कटकट गेली. मदतनीस लिहिते."

"मी दवाखान्यात पडली होती. पोटाले चार छिद्रं पाडून. अन् इथं लिहिलं, तास तिसरा, घटक भूजल, उपस्थिती अडतीस. कोणी घेतला हा तास? माह्या पित्ताशयानं?"

"अजी मॅडम, चिडता कायले? सोमवारी समिती येऊन राह्यली. रिकामा रकाना दिसला तं पोट्ट्यांचे अंतर्गत वीस गुण अडकतात. तुमाले काय करायचं हाये? प्रत्येक पानावर एक सही."

"जे मी शिकवलं नाई, त्याखाली?"

"तुमीच शिकवल्यासारखं हाये ते. तुमची बावीस वहीबुकं अन् लॉकडाऊनमधली साठ भाषणं टाकली त्यात. वाचून पाहा. तुमचं रागातलं 'बयताडांनो' सुदिक हाये."

यंत्राला उगाच बोल लावण्यात अर्थ नाही. मदतनीस कामाचा होता. एका मिनिटात तीन तऱ्हेच्या प्रश्नपत्रिका काढून देई. अडतीस मुलांचे निबंध वाचून कोण कुठं घसरतो ते शुद्ध मराठीत सांगे. इंग्रजीचे सर पूर्वी शेरे लिहिताना झोपत, ते आता शेरे न लिहिता झोपत. मॅडमना राग यंत्राचा नव्हता. खोटं बोलायला माणसाला आता तोंडही उघडावं लागत नाही, याचा होता. गठ्ठा काखेत मारून त्या म्हणाल्या, "सही होणार नाई. भूजल मी आता शिकवतो. शिकवलं की लिहितो." त्या भागात बायाही 'शिकवतो', 'लिहितो' असंच बोलतात.

*

दुसऱ्या वर्षाचा वर्ग सहा नंबरच्या खोलीत भरे. मॅडमनी हजेरी घेतली. अडतीसच्या अडतीस आले होते. त्यांनी फळ्यावर 'भूजल' लिहिलं आणि वळल्या, तर मुलं एकमेकांकडं पाहत होती.

"मॅडम, हे झालं," रोशन म्हणाला.

"काय झालं?"

"भूजल. तुमीच तं घेतलं. रजेत."

वर्ग हसला नाही. मॅडमनी थट्टा समजून खडू त्याच्या दिशेनं रोखला. "ठीक. मंग सांग, आपल्या काळ्या खडकात पाणी कुठं साचते?" बावीस वर्षं त्या हा प्रश्न विचारत होत्या आणि बावीस वर्षं मुलं 'विहिरीत' असं उत्तर देत होती.

रोशन उभा राहिला. "भाकरीसारखं हाये, मॅडम. लाव्हाचा एक थर म्हंजे एक भाकर. फुगली की वरचा पापुद्रा सुटते. पापुद्रा अन् भाकर याच्यामंदात जी पोकळी राह्यते, पाणी तिथं बसते. अशा भाकरीवर भाकरी रचल्या हायेत आपल्या जिल्ह्याखाली."

मॅडमना खाली बसावं लागलं. उत्तर बरोबर होतं. नुसतं बरोबर नव्हतं, सुंदर होतं. ही भाकर त्यांना स्वतःला कधी सुचली नव्हती.

त्यांनी सगळ्यांच्या वह्या मागवल्या. तारखा, आकृत्या, समासात त्यांच्याच सवयीचे बाण. मदतनीसानं टिपणं काढली असतील आणि कोणीतरी ग्रुपवर टाकली असतील, हे उघड होतं. म्हणून त्यांनी निकिताला, जी खोटं बोलताना लाल होई, उभं केलं.

"कोणती साडी होती माही?"

"निळी, मॅडम. दरवेळी निळीच." निकिता लाल झाली नाही. "अन् पोटावर हात धरून शिकवत होत्या. आमाले वाटलं, दुखत असंन."

मॅडमनी पोटावरचा हात काढून घेतला.

एका पानावर त्यांचं बोट थांबलं. ती तारीख तान्ह्या पोळ्याची होती. त्या दिवशी गावात लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरत असतात आणि कॉलेजला कुलूप असतं.

शिपाई लखीराम व्हरांड्यात घंटेजवळ बसला होता. मॅडमनी दारातूनच त्याला विचारलं, "तान्ह्या पोळ्याले सहा नंबर कोणी उघडली?"

"कोणीच नाई, मॅडम. चाबी माह्या कमरेले होती." त्यानं कमरेची चाबी चाचपली. "पण दुसऱ्या दिवशी फळा म्या पुसला. अक्षर तुमचंच होतं."

"अन् तू कोणाले सांगतलं नाई?"

"काय सांगू? मॅडमनं शिकवलं, हे काय सांगायची गोष्ट हाये?"

तास संपल्यावर एक मुलगी मागं राहिली. अर्पिता राठोड, रस्त्यापलीकडच्या तांड्यावरची. ठेंगणी, बारीक, कायम कोणाशी तरी भांडण काढायच्या तयारीत असल्यासारखी. तिनं आपली वही उघडून टेबलावर ठेवली. रजेच्या चोवीस दिवसांत जेवढे तास दाखवले होते, तेवढ्या तारखांपुढं तिनं एकच वाक्य लिहिलं होतं. तास झाला नाही. तास झाला नाही. तास झाला नाही.

"त्या तुमी नव्हत्या, मॅडम."

"मंग कोण होतं?"

"मले काय ठाऊक? पण तुमी हजेरीबिगर कधी तोंड उघडत नाई. त्यांनी एकडावही नाव घेतलं नाई. नुसतं एकेकाच्या तोंडाकडं पाहत. बाजारात बकरी पाहतेत तसं." तिनं ओठ चावला. "मी सांगतलं या पोट्ट्याइले. मलेच येडी म्हणून राह्यले."

"तू येडी नाई," मॅडम म्हणाल्या, आणि चोवीस दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

*

त्या दुपारी त्यांनी निंबाखालच्या बाकावर बसून तो गठ्ठा शेवटपर्यंत वाचला. तेव्हा कळलं की मदतनीस रजेपाशी थांबला नव्हता. त्यानं मार्चपर्यंतचं वर्ष लिहून टाकलं होतं. येत्या शुक्रवारपुढं लिहिलं होतं, 'क्षेत्रभेट. पायविहीर. भूजलाचं प्रत्यक्ष दर्शन. उपस्थिती अडतीस.' शनिवारी, 'भूजल, उजळणी. उपस्थिती सदतीस.' सोमवारी सदतीस. दिवाळीनंतर सदतीस. मार्चच्या शेवटच्या पानापर्यंत सदतीस.

मॅडमनी पुन्हा मागं जाऊन पाहिलं. शुक्रवारपर्यंत एकदाही अडतीसचा आकडा हलला नव्हता आणि शुक्रवारनंतर एकदाही परत आला नव्हता.

"अंदाज लावते ते, मॅडम," पानं समोर ठेवल्यावर ढाकुलकर सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "वर्षभरात एखादं पोट्टं गळतेच. कोणाचं लग्न होते, कोणी पुण्याले कंपनीत जाते."

"गळते? आंब्याचा मोहर हाये काय, गळायले? शुक्रवारी सकाळी अडतीस नेते अन् शनिवारी सदतीस दाखवते, अन् तुमी म्हणता अंदाज?"

"मंग टायपिंगची चूक समजा."

"चूक एकडाव होते, सर. सहा महिने होत नाई."

सरांनी चष्मा काढला, पुसला. "ऑपरेशनले भुलीचं औषध जास्त झालं काय तुमाले?" त्यांनी हे खरंच काळजीनं विचारलं, आणि मॅडमना त्याचाच जास्त संताप आला.

गुरुवारी वर्गात त्यांनी टेबलावर डस्टर आपटून सांगितलं, "उद्या कोणी विहिरीवर जाणार नाई. मी नेलं तरी नाई. माह्या तोंडानं कोणी 'चला' म्हटलं तरी जागचं हलायचं नाई. समजलं?"

"हो, मॅडम," अडतीस तोंडं म्हणाली. अर्पितानं जाताना त्यांचा फोन नंबर तळहातावर लिहून घेतला.

शुक्रवारी दहा वाजता प्राचार्यांनी बोलावलं. तेच, सही. मॅडम नाही म्हणाल्या. सरांनी अडतीस मुलांच्या गुणांची आण घातली. मॅडमनी उलट बावीस वर्षांचा हिशेब काढला. आवाज चढले. व्हरांड्यातून पावलांचा गलका गेला तो दोघांनाही ऐकू आला नाही.

दहा वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला.

"मॅडम, अर्पिता बोलतो. तुमी कुठं हा?" मागं वारा होता, मुलींचं हसणं होतं.

"ऑफिसात. काहून?"

पलीकडं तिनं फोन तोंडाजवळ घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "मंग आमच्यापुढं कोण चालून राह्यलं?"

"थांब तिथंच! अर्पिता, एक पाऊल पुढं टाकू नको. ऐकलं काय?"

"मी थांबतो. पण निकिता चालली नं, मॅडम. तिच्या हातातून हात सोडवून राह्यली, सुटतच नाई—"

फोन कटला.

*

लखीरामच्या मोटारसायकलवर प्रत्येक खड्ड्याला टाके ओढत होते. रस्ता सोडून दोन किलोमीटर आत, सोयाबीनच्या मधोमध ती पायविहीर होती. काळ्या दगडाची, चौकोनी, एका बाजूनं उतरत्या पायऱ्या. भादव्यात पाणी वर आलेलं असतं, म्हणून चौदाच पायऱ्या कोरड्या असत.

मुलं पायऱ्यांवर बसली होती. बाकावर बसतात तशी, ओळीनं, गुडघ्यावर वही. तोंडं पाण्याकडं. सगळी लिहीत होती.

बोलत कोणीच नव्हतं. ना वर, ना खाली. तरी सगळे पेन एकाच वेळी चालत होते आणि एकाच वेळी थांबत होते. मधे खालून काही विचारल्यासारखं दोघा-तिघांनी 'हो' म्हणून मान डोलावली.

"उठा!" मॅडम ओरडल्या.

मुलांनी वर पाहिलं. मग पाण्याकडं. मग पुन्हा वर.

"मॅडम?" रोशन म्हणाला. "तुमी तं आत्ता खाली उतरल्या."

"वर या. एकेक. नाव सांगत या. मागं पाहायचं नाई."

त्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून पुढं सोडायचं, असं त्यांनी ठरवलं. रोशन. एक. उन्हानं तापलेले केस. अक्षय. दोन. निकिता अठ्ठावीस. तेल, घाम, रिबिनी. छत्तीस. सदतीस.

"अर्पिता राठोड, हजर मॅडम."

आवाज अगदी हाताशी आला. मॅडमचा तळवा खाली गेला, आणि जात राहिला, आणि त्यांच्या स्वतःच्याच मांडीवर आपटला.

पायऱ्यांवर कोणी नव्हतं. पाणी सपाट होतं.

"अर्पिता कुठं हाये?"

"हे काय," निकिता म्हणाली आणि आपल्या बाजूला बोट दाखवलं. तिथं सोयाबीन होतं.

"मी इथंच हाये, मॅडम," तिथून आवाज आला.

लखीरामनं दोर बांधून विहिरीत बुडी घेतली. तळाला गळ फिरवला. एक फुटकी बादली निघाली, आणखी काही नाही. ओला होऊन तो वर आला. "अडतीस भरले, मॅडम. चला आता."

"तुले दिसली ती?"

त्यानं अंगातला सदरा पिळला. बराच वेळ पिळत राहिला. "आवाज आला नं," तो म्हणाला. "आवाज आला की हजेरी लागते. कॉलेजात तेच तं चालते."

परतीच्या वाटेवर मुलं रांगेत चालत होती. निकिताच्या आणि पुढच्या मुलीच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. निकिता त्या जागेशी बोलत होती. मधेच खुदकन हसली.

*

मॅडम त्याच दुपारी तांड्यावर गेल्या. अर्पिताची आई, मैनाबाई, दारात उन्हाला पाठ करून बसली होती. लाल रिबीन तिच्या दातांत धरलेली होती. गुडघ्यांपुढं, रिकाम्या हवेत, तिची बोटं तीन पेडांची वेणी घालत होती. एक पेड वर, एक खाली, जरा ओढ, पुन्हा वर.

"याडी, दुखते नं," हवेतून आवाज आला. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.

"सरळ बस, मंग दुखत नाई," मैनाबाई आईच्या नेहमीच्या तक्रारीनं म्हणाली. मॅडमना पाहून तिनं रिबीन दातांतून काढली. "या, मॅडम. काय केलं आमच्या पोट्टीनं?"

ज्या बाईची मुलगी हरवली आहे तिला ते सांगायचं कसं, जर ती त्याच मुलीची वेणी घालत असेल तर? तरी त्यांनी सांगितलं. मैनाबाईनं ऐकून घेतलं, मग उठून त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप हाये तुमाले. बसा. चा टाकतो."

पोलीस पाटलानं मैनाबाईला फोन लावून विचारलं आणि मॅडमना घरी जाऊन आराम करायला सांगितलं. रोशनच्या वडिलांनी तेच सांगितलं. शनिवारी वर्गात हजेरी घेतली तेव्हा अडतीस आवाज आले, अडतीस वेळा बाक करकरला, आणि डोकी सदतीस होती. तिसऱ्या बाकावर दोन मुली दोन टोकांना अंग चोरून बसल्या होत्या. मधल्या जागेत दप्तर ठेवायला एक जण गेली, आणि "अरे, सॉरी" म्हणून तिनं ते उचलून घेतलं.

मॅडम ऑफिसात जाऊन संगणकापुढं बसल्या. मदतनीसाच्या पानावर शनिवारची नोंद तशीच होती. सदतीस.

सगळ्या तालुक्यात, तिच्या आईला धरून, एकालाही एक मुलगी कमी दिसत नव्हती. कमी दिसत होती फक्त सत्यशीला मनवरला आणि या डब्याला. मॅडमना त्या क्षणी एवढी चीड आली की त्यांनी संगणकाचं बटण दाबायच्या ऐवजी वायरच उपटली.

*

सोमवारी समिती आली. दोन गृहस्थ आणि एक बाई. ढाकुलकर सर नवा कोट घालून होते. त्यांनी मॅडमना दाराआड गाठलं.

"मशीन चुकते, मी म्हटलंच होतं नं? हे पाहा, चुकलंच. अडतीस बसले हायेत अन् ते सदतीस दाखवून राह्यलं. खोडा, अडतीस करा, अन् सही मारा. आता तं तुमच्या मनासारखं झालं."

"अडतीस लिहिलं तं तिले कोण शोधंन?"

"कोणाले?"

मॅडमनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. तेच तर भयंकर होतं.

त्या वर्गात गेल्या. समिती मागच्या बाकावर बसली होती. मॅडमनी रजेच्या पानांवर, एकेका तारखेपुढं, स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'तास झाला नाही.' मग सोमवारचं पान काढलं. सदतीस या आकड्याखाली, आयुष्यात पहिल्यांदा, यंत्राच्या लिखाणाखाली त्यांनी सही केली. दाबून, पूर्ण नावानिशी. कागदावर एक कमी राहिला तर आज ना उद्या कोणीतरी विचारेल, अडतिसावी कुठं आहे. अडतीस लिहिले की विचारणारंही कोणी उरणार नाही.

"आता प्रत्येकानं पुढं यायचं," त्या म्हणाल्या, "अन् पटावर आपल्या नावापुढं सही करायची. समितीसमोर."

रोशन आला. अक्षय आला. निकिता आली. मॅडम दरवेळी पेन हातात देत, परत घेत, आणि तोंड निरखून पाहत. सदतीस जण आले आणि सदतीस जण जाऊन बसले.

एक रकाना उरला.

"पाहा," मॅडम समितीला म्हणाल्या. त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "डोळे असतील तं पाहा. हा रकाना रिकामा हाये. माही एक पोरगी नाही आली."

समितीतल्या बाईंनी मान वर केली. वर्गभर नजर फिरवली. मग टेबलासमोरच्या मोकळ्या जागेकडं पाहून त्या कौतुकानं हसल्या.

तिसरा बाक करकरला होता.

मॅडमनी पेन तसाच पुढं धरलेला होता.

"द्या नं, मॅडम."

पेन त्यांच्या बोटांतून गेला. कोणी हिसकावला नाही. मोठ्या माणसाच्या हातातली वस्तू घ्यावी तसा, हळूच, अदबीनं गेला.

कागदावर टोक फिरल्याची बारीक कुरकुर झाली. मॅडमनी खाली पाहिलं नाही.

पेन परत हातात आला. त्याला टोपण लावलेलं होतं.

"मॅडम," आवाज आता अगदी कानाशी होता. त्यात रडू नव्हतं. राग होता, भांडायला निघालेल्या मुलीचा. "सगळे मोजतेत मले. एक तुमीच काहून नाई मोजून राह्यल्या?"